जिंगताईंचा गुडघा

“आलं का?” मियाओ डॉक्टरांनी विचारलं.

“आलं. पार घोट्यापर्यंत गेलं,” जिंगताई म्हणाल्या, आणि त्यांचा खणखणीत आवाज पडद्यांपलीकडच्या खाटांपर्यंत पोचला. कापडगिरणीत मागांच्या खडखडाटात जन्म गेलेल्या बायका हळू बोलूच शकत नाहीत.

मियाओ डॉक्टरांनी मान खाली घातली. येण्यासारखं काही नव्हतंच. जिंगताईंच्या गुडघ्याखाली एक जाडसर चिकटपट्टी लावलेली होती. त्या पट्टीत सुई उभी होती, पण तिचं टोक बोथट होतं. दाबली की ती कातडीला जरा टोचल्यासारखी लागायची आणि मुकाट्यानं आपल्याच पोकळ मुठीत वर सरकायची. दिसायला सुई आत गेलेली. आत काही गेलेलं नाही.

एरवी सुई योग्य जागी लागली की रोग्याला आत एक जडपणा येतो, झिणझिण्या येतात, कधी त्या पायाच्या बोटांपर्यंत धावतात. म्हणून विचारायचं, “आलं का?” मियाओ डॉक्टरांनी हा प्रश्न शियानयांग शहरात निम्म्या घरांतल्या माणसांना विचारला असेल. आता निवृत्तीनंतर तोच प्रश्न ते बोथट सुई लावून विचारत होते, कारण सगळ्यांना सारखंच विचारायचं असा संशोधनाचा नियम होता. कमी नाही, जास्त नाही. आणि माणसं ‘आलं’ म्हणत होती. जिंगताई तर सगळ्यांत मोठ्यानं.

हे सगळं डॉ. फंग यालिनमुळे. ती एके काळची त्यांची विद्यार्थिनी, आता इस्पितळातल्या संशोधनाची प्रमुख. गुडघेदुखीच्या रोग्यांचे दोन गट करायचे, एकाला खरी सुई, एकाला खोटी, आणि रोग्याला कुठली ते सांगायचं नाही, असा तिचा बेत. ती घरी आली तेव्हा मियाओ डॉक्टर चिडले होते.

“खऱ्या सुईला बोलाव, येतो. खोटी लावायला मी कशाला? कुणीही लावेल.”

“कुणीही लावली तर कुणी विश्वास ठेवणार नाही, सर. खोट्या सुईलाच तर तुमचा हात हवा.”

“शहाणी झालीस.”

“तुमच्याच हाताखाली,” ती म्हणाली आणि डॉक्टरांच्या बायकोनं पुढे केलेल्या शेवयांच्या वाडग्यात मिरचीचं तेल घालून घेऊ लागली.

ते तयार झाले त्याला कारण होतं. सुईबिई काही नसतं, सगळे मनाचे खेळ, असं म्हणणारी माणसं त्यांनी आयुष्यभर ऐकली होती. त्यांच्या थोरल्या जावयाचंही तेच मत होतं, फक्त तो सासऱ्यासमोर बोलत नसे. एकदा काय तो सोक्षमोक्ष लागू दे, असं त्यांच्या मनानं घेतलं.

जिंगताईंचं पूर्ण नाव जिंग शूयुन. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. गिरणीच्या जुन्या वसाहतीत चौथ्या मजल्यावर त्या एकट्या राहायच्या. लिफ्ट नाही, जिन्यात दिवा असलाच तर असला. मुलगा तिकडे दूर सूचौला नोकरीला. गुडघा दुखायला लागल्यापासून त्याचा एकच धोशा होता, घर विकून टाक आणि आमच्याकडे ये.

“सून चांगली आहे,” जिंगताई खाटेवर पडल्या पडल्या सांगायच्या. “वाईट असती तर सोपं होतं, भांडून परत आले असते. पण तिथं करू काय मी? त्यांची भाषा मला कळत नाही, भाजीत साखर घालतात. इथं सकाळी नदीकाठी जाते, म्हातारे गातात, ते ऐकते, बेसूर गायलं तर तोंडावर सांगते. शरद ऋतूपर्यंतची मुदत दिली आहे आमच्या झीगांगनं. जिना चढता आला तर राहा म्हणाला. नाही तर येतो न्यायला.”

मियाओ डॉक्टर काही बोलत नसत. उपचाराच्या वेळी गप्पा मारायच्या नाहीत, हाही नियमच.

सुरुवातीला जिंगताईंना सगळं नीट समजावून सांगितलेलं होतं. दोन तऱ्हेच्या सुया आहेत, तुमच्या वाट्याला कुठली येईल ते शेवटी कळेल, आणि खोटी आली असेल तर नंतर खरे उपचार मिळतील. जिंगताईंनी अर्ध्यावरच विचारलं होतं, “सही कुठं करायची?” आणि मग म्हणाल्या होत्या, “मियाओ डॉक्टर कशाला खोटी सुई लावतील? खोटं त्यांच्या तोंडावर दिसतं.” मियाओ डॉक्टर त्या वेळी खिडकीबाहेर पाहत होते.

नवल असं, की त्यांना बरं वाटू लागलं. दर आठवड्याला एक नर्स येऊन दुखणं किती ते दहापैकी आकड्यात विचारायची. जिंगताईंचा आकडा हळूहळू उतरत होता. डॉक्टर त्या वेळी खोलीत नसावेत असा नियम होता, पण जिंगताईंचा आवाज वऱ्हांड्यात स्वच्छ ऐकू यायचा. आठ. मग सात. मग सहा. मियाओ डॉक्टर हात धूत उभे असायचे, आणि बरं वाटावं की वाईट, हे त्यांना समजत नसे. बोथट सुईनं हिचा गुडघा बरा होत असेल, तर मग आपण इतकी वर्षं काय केलं?

एका दुपारी जिंगताई आपली गरम पाण्याची बाटली खाटेखाली विसरून गेल्या. वसाहत डॉक्टरांच्या घरच्या वाटेवरच होती. रोग्यांना बाहेर भेटू नये असं फंगनं बजावलं होतं, पण बाटली तेवढी द्यायची, त्यात भेटणं कसलं, असं म्हणून ते निघाले.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर जिंगताई पायरीवर बसल्या होत्या. शेजारी पिठाची पिशवी आणि एक मोठा कोबी. दोन्ही हातांनी गुडघा धरलेला, डोळे मिटलेले. चेहऱ्याचा रंग उतरला होता. वरून एक बाई आली, तिनं सवयीनं पिठाची पिशवी उचलली आणि “सावकाश या, ताई,” म्हणत वर निघून गेली. रोजचंच असावं तसं.

जिंगताईंनी डोळे उघडले तर समोर डॉक्टर.

“दम लागला जरा,” त्या म्हणाल्या.

“दम लागला की माणूस छाती धरतो.”

जिंगताईंनी गुडघ्यावरचे हात काढले आणि कोबी मांडीवर घेतला. थोडा वेळ त्याचं वरचं पान सोलत बसल्या.

“कधीपासून असं?” मियाओ डॉक्टरांनी विचारलं.

“पहिल्यापासून. फरक नाही काही.”

“मग सहा का सांगता?”

“काय सांगू मग? तुमचा चेहरा बघितलाय का तुम्ही? सुई लावता आणि असे बघता माझ्याकडे, जसं काही परीक्षेचा निकाल लागायचाय. माझं आपलं मन होत नाही ‘नाही’ म्हणायचं. या वयात तुम्ही वाकून वाकून सुया लावता. आणि त्या पोरीनं विचारलं तरी काय, पलीकडे तुम्ही हात धूत उभे असता ते मला दिसतं. नळ बंद आणि तुम्ही हात धुताय.”

मियाओ डॉक्टरांनी बाटली त्यांच्या शेजारी ठेवली. त्यांना खूप काही सांगायचं होतं आणि त्यातलं एकही वाक्य सांगायची मुभा नव्हती. त्यांनी जिंगताईंचा दंड धरला, त्यांना उठवलं, आणि कोबी काखेत मारून ते त्यांच्यामागून चौथ्या मजल्यापर्यंत चढले. वर पोचल्यावर जिंगताईंनी विचारलं, “चहा?” ते नको म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते फंगच्या खोलीत गेले आणि जे झालं ते सांगितलं. रोग्याला घरी जाऊन भेटलो हेही सांगितलं. फंगचा चेहरा आधी कडक झाला, मग तिनं एक निःश्वास सोडला.

“तिला गाळ यातून,” ते म्हणाले. “तिचे आकडे खोटे आहेत. माझं मन राखायला म्हणून सांगते आहे.”

“गाळता येणार नाही, सर.”

“का? धडधडीत खोटं आहे.”

“असे दोन्हीकडे असतात. तुमच्या खऱ्या सुईवाले काय तुमचं मन राखत नाहीत? त्यांनाही भीड पडतेच की. म्हणून तर दोन गट. इकडची भीड आणि तिकडची भीड सारखीच धरायची. वजा केली की उरेल ते सुईचं.”

मियाओ डॉक्टर खुर्चीत बसले. हे गणित त्यांना पहिल्या दिवशीच समजावून सांगितलं होतं, पण तेव्हा ते नुसतं गणित होतं.

“आणि काही उरलं नाही तर?”

फंगनं सरांकडे पाहिलं. तिनं कधी काळी याच माणसाच्या दंडावर सुई लावून लावून हात बसवला होता. तो तिला “चुकलं, पुन्हा” म्हणायचा आणि दंड तसाच पुढे ठेवायचा.

“तर तसं लिहू, सर,” ती म्हणाली.

संध्याकाळी घरी बायको पिठाचे गोळे वळत होती. वाफेचं भांडं चुलीवर चढवलेलं. मियाओ डॉक्टर दाराशी उभे राहिले.

“ऐक. तुझं डोकं दुखायचं आणि मी सुया लावायचो.”

“बरं मग?”

“थांबायचं का?”

तिनं हातातला गोळा खाली ठेवला आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. “आज काय काढलंत?”

“खरं सांग.”

“कधी थांबायचं. कधी नाही थांबायचं.”

“पण तू दर वेळी थांबलं म्हणायचीस.”

“तुम्ही दिवसभर परक्यांची दुखणी बघून यायचात, आणि मग माझ्या उशाशी बसायचात. न जेवता, तसेच. थांबलं म्हटल्याशिवाय तुम्ही उठणार कसे?” ती पुन्हा वळायला लागली. “तेवढा वेळ बरं वाटायचं. ते काही खोटं नव्हतं.”

मियाओ डॉक्टर बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. त्यांच्या डोळ्यांपुढे माणसं येऊ लागली. पाठीत उसण भरलेला हमाल, तोंड वाकडं झालेली शिक्षिका, सणाला कोंबडी घेऊन येणारा तो बहिरा शेतकरी. “खूप फरक आहे, डॉक्टर.” सगळ्यांनी हेच म्हटलं होतं. काहींना फरक पडला होता, ते त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. शिक्षिकेचं तोंड सरळ झालं होतं. पण किती जणांना, आणि किती जणांनी कोबीचं पान सोलत बसावं तसं, दुसरीकडे बघत, त्यांची समजूत घातली होती?

पुढच्या वेळी जिंगताई खाटेवर आडव्या झाल्या तेव्हा खऱ्या सुयांचा ट्रे शेजारच्या खाटेसाठी तिथंच मांडलेला होता. नर्स बाहेर गेली होती. मियाओ डॉक्टरांनी त्यातली एक सुई उचलली. हातात घेतल्या घेतल्या तिचं वजन बोटांना ओळखीचं वाटलं. नडगीजवळची ती जागा डोळे मिटूनही सापडली असती. एक सुई. कुणाला कळणार होतं? चार मजले चढणारी ही बाई.

पण खरी सुई लावली तरी ती ‘आलं’च म्हणेल, आणि नाही लावली तरी ‘आलं’च म्हणेल. मग मला कळणार तरी कसं? त्यांनी सुई जागेवर ठेवली आणि बोथट सुईचं पाकीट फोडलं.

“आलं का?” त्यांनी विचारलं, आणि मग नियमात नसलेलं बोलले, “ताई, माझ्याकडे बघू नका. छताकडे बघा आणि सांगा.”

जिंगताई छताकडे बघत राहिल्या. “मुंगी चावल्यासारखं झालं. बस.”

“त्या मुलीलाही असंच सांगा. मी आज बागेत जाऊन बसतो.”

“वाईट वाटेल तुम्हाला.”

“वाटू दे.”

त्या दिवसापासून जिंगताईंचा आकडा पुन्हा वर गेला आणि तिथंच राहिला.

उन्हाळ्यात काम संपलं. कोण कुठल्या गटात ते उघड झालं. फंगनं निकाल आधी सरांना सांगितला, दार लावून घेऊन. खऱ्या सुईवाल्यांना जास्त फरक होता. होता, पण मियाओ डॉक्टरांनी मनात धरला होता त्याच्या जवळपासही नाही.

“चिमूटभर,” ते म्हणाले.

“चिमूटभर. पण आहे, सर. सगळी भीड वजा करून.”

ते बराच वेळ मान हलवत राहिले. ओंजळभर असेल असं वाटलं होतं. पण ओंजळीतलं आपलं किती आणि लोकांनी घातलेलं किती, ते कधी कळलं नसतं. ही चिमूट तरी कुणाच्या उपकाराची नव्हती.

“जिंगताईंना मी सांगतो,” ते म्हणाले.

जिंगताईंनी ऐकून घेतलं. डॉक्टरांना वाटलं होतं त्या हसतील. त्या हसल्या नाहीत.

“म्हणजे इतके दिवस तुम्ही पट्टीला सुई टोचत होतात.”

“हो.”

“आणि मी कोबी घेऊन बसले होते ते बघूनही.”

“हो.”

“वर आलात, माझ्या मागून. तेव्हाही बोलला नाहीत.”

“बोलता येत नव्हतं, ताई.”

“मला वाटलं, माझंच हाड मेलं आहे. मियाओ डॉक्टरांच्या हातानंही बरं होत नाही म्हणजे आता सूचौ. मी कपाट आवरायला घेतलं होतं.” त्या उठल्या, पिशवी घेतली. “कागदावर सही केली होती, तेव्हा भांडायला जागा नाही. पण मला राग आला आहे, एवढं समजून असा.”

आणि त्या गेल्या. खरे उपचार सुरू व्हायचे होते, त्याला आल्या नाहीत. मियाओ डॉक्टर त्यांच्या वेळेला खाट मोकळी ठेवायला सांगत. नर्स कुरकुरायची.

मग एका सकाळी पडद्यापलीकडून तो आवाज आला. “आहेत का डॉक्टर, का त्यांच्या जागीही कुणी खोटा बसवलाय?”

पडदा सारून त्या खाटेवर बसल्या. “मी विचार केला,” त्या म्हणाल्या. “तुम्ही मला सुई लावत नव्हता आणि लावतोय म्हणत होता. मला बरं वाटत नव्हतं आणि वाटतंय म्हणत होते. फिट्टंफाट. लावा आता.”

मियाओ डॉक्टरांनी पट्टी न लावता कातडी पुसली. सुई घेतली.

“आलं का?”

“नाही.”

त्यांनी सुई जराशी फिरवली. “आता?”

“नाही म्हटलं ना.”

त्यांना हसू आलं, ते त्यांनी दाबलं. इतक्या स्पष्टपणे त्यांना ‘नाही’ कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी सुई थोडी मागे घेतली, कोन बदलला, पुन्हा हलकेच आत नेली. जिंगताईंच्या पायाचा अंगठा एकदा उडाला.

“हे असं असतं होय,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. मियाओ डॉक्टरांनी त्यांचा हळू आवाज पहिल्यांदाच ऐकला. “मग आधी जे मी घोट्यापर्यंत गेलं म्हणायचे, ते काय होतं?”

“ते तुमचं तुम्हाला ठाऊक.”

उरलेला उन्हाळा त्या येत राहिल्या. एके दिवशी “आज जरा सैल आहे” म्हणाल्या, एके दिवशी “कालच्यापेक्षा वाईट.” सकाळचा आखडलेपणा गेला. दोन मजले त्या न थांबता चढू लागल्या. तिसऱ्यावर गुडघा धरायचाच. मियाओ डॉक्टरांनी जागा बदलून पाहिल्या, शेक दिला, जुनी पुस्तकं काढली, फंगशी तासन्‌तास बोलले. तिसरा मजला काही सुटला नाही.

झीगांग आला तेव्हा झाडांची पानं पिवळी पडायला लागली होती. जिंगताईंनी त्याला फसवलं नाही. “दोन चढते. चार नाही,” एवढंच म्हणाल्या. घर विकायचं नाही, कुलूप लावायचं, एवढं मात्र त्यांनी त्याच्याकडून कबूल करून घेतलं.

निघायच्या दिवशी मियाओ डॉक्टर वसाहतीत, जिन्याच्या दाराशी जाऊन उभे राहिले. टॅक्सी थांबली होती. झीगांग सामान घेऊन आधीच खाली आला होता आणि “आई कुणाला धरू देत नाही,” असं काहीसं ओशाळून सांगत होता. वरून पावलं ऐकू येत होती. एक जड, एक हलकं. मग थांबणं. मग पुन्हा एक जड, एक हलकं. चढण्यापेक्षा उतरणं गुडघ्याला वाईट, हे मियाओ डॉक्टरांना माहीत होतं. ते वर गेले नाहीत.

बऱ्याच वेळानं जिंगताई शेवटच्या पायरीवर आल्या. नवा कोट, केस नीट विंचरलेले, एक हात भिंतीवर. त्यांनी डॉक्टरांना पाहिलं आणि श्वास खाली बसेपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या.

“दुखतंय,” त्या म्हणाल्या. आज गार आहे, असं म्हणावं तशा.

“हो,” मियाओ डॉक्टर म्हणाले.

त्यांनी जिंगताईंच्या हातातली पिशवी घेतली, आणि दोघं सावकाश टॅक्सीकडे चालू लागले.